गुडघ्याची उजळणी

१२ जानेवारी

हिला आज घरी आणलं. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. जिना चढताना मी दर पायरीला "शाब्बास" म्हणत होतो. पहिल्या मजल्यावर ही कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "अहो, मी काय पहिलीतली पोर आहे का?" मी म्हणालो, पहिलीतली पोरं याहून लवकर चढतात. हसली. म्हणजे तब्येत ठीक आहे.

उजव्या पायात आता धातूचा गुडघा आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, "सांधा उत्तम बसलाय. आमचं काम झालं, आता तो वाकवून घेणं तुमच्याकडे. सुरुवातीला वाकला नाही तर आखडून बसेल." हे मी तिथल्या तिथे मनात पक्कं केलं. बाकीही बरंच सांगितलं, ताप आला तर, लाली आली तर, टाक्यांतून पाणी आलं तर लगेच फोन करा वगैरे. ते सगळ्यांनाच सांगत असणार.

सबंध नोकरी व्यायामशिक्षक म्हणून केली. दोरीला हात लावायला घाबरणारी पोरं वरपर्यंत चढवली. एका गुडघ्याची काय कथा!

१३ जानेवारी

पहाटे उठलो. दाढी केली, पांढरे बूट घातले. हिने अंथरुणातूनच वर खाली पाहिलं आणि विचारलं, "कुठे निघालात?" म्हटलं, "कुठे नाही. तुझा वर्ग आहे."

फिजिओथेरपीवाली मुलगी दहाला आली. केसांची उंच पोनी, चालताना डावीउजवीकडे हलते. आम्ही दोघांनी तिचं नाव पोनी ठेवलं. काम नीटनेटकं आहे, पण हात फार मऊ. हिला खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडायला लावला आणि हळूहळू मागे न्यायला सांगितलं. हिने जरा तोंड वाकडं केलं की ती बया लगेच थांबते. "काका, दुखेल तिथपर्यंत न्यायचं, त्याच्या पलीकडे नाही." प्लास्टिकची दोन पात्यांची मोजपट्टी लावून म्हणाली, साठ अंश. नव्वद झाले की खुर्चीत धड बसता येईल, जिना धड उतरता येईल. नव्वद हे आपलं ध्येय.

ती गेल्यावर मी तोच व्यायाम पुन्हा घेतला. मी समोर स्टुलावर, घोटा माझ्या दोन्ही हातांत. "धर... धर... सोड." सोड मी म्हणायचं, तोवर धरायचं. हा नियम.

१७ जानेवारी

शाळेत जाऊन गणिताच्या सरांकडून फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मागून आणला. पोनीच्या पट्टीवर माझा विश्वास बसत नाही, ती दर वेळी दोनचार अंश हातचे ठेवते असं वाटतं. कोनमापक हिच्या मांडीएवढा आहे. तो गुडघ्याशी धरला तेव्हा ही इतकी हसली की पाय आपोआप वाकला. पासष्ट!

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई हिचे गाऊन पुढून उघडे करून घेऊन आल्या होत्या, पट्टी बदलायला सोपं जावं म्हणून. दोघी आत बोलत होत्या. मी चहा टाकत होतो, मुद्दाम ऐकलं नाही, कानावर पडलं. ही म्हणत होती, "यांना काम मिळालंय हो. कितीतरी दिवसांनी रोज दाढी करतायत." बाई म्हणाल्या, "आणि तुमचा जीव जातोय." मग दोघी हसल्या.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. निवृत्त झाल्यावर वर्षभर मी खिडकीत बसून होतो. ही समोर ताट ठेवायची, मी जेवायचो, ही ताट उचलायची. त्या दिवसांबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

२१ जानेवारी

काल टाके काढले. जखम सुकी, रेघ कशी सरळ. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली (माझी!) आणि पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलं. "तोवर नव्वदच्या पुढे न्या."

मुलीचा फोन आला होता. ती दूरच्या गावी, नोकरी आणि दोन पोरं सांभाळते. "बाबा, आईला जास्त दामटू नका हं. तुमच्या हाताखालून गेलेय मी." मी म्हटलं, म्हणूनच सरळ चालतेस. यावर तिने फोन आईकडे द्यायला सांगितलं.

२५ जानेवारी

ब्याऐंशी. मी शिट्टी वाजवली. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी आपटली. वाजवली तर वाजवली.

२९ जानेवारी

पंच्याऐंशी, पण आज हिने ओठ दाताखाली धरला होता आणि नंतर उशीत तोंड खुपसून पडून राहिली. मी पाणी नेलं. म्हटलं, "फार दुखलं?" म्हणाली, "नाही हो, जरा दम लागला."

पोनीने गुडघ्यावर पंजा ठेवला, मग डाव्या गुडघ्यावर ठेवला, मग पुन्हा उजव्यावर. "काका, हा जास्त गरम लागतोय. परवापेक्षा सूजही आहे. डॉक्टरांना एक फोन करून टाका." मी समजावलं की व्यायाम केला की रक्त खेळतं, रक्त खेळलं की अंग तापतं. हे मी आठवीच्या पोरांना शिकवलेलं आहे. ती म्हणाली, "हो, पण व्यायाम तर अजून सुरू केलेला नाही ना आज." मी म्हटलं, तू यायच्या आधी आमचा एक वर्ग होतो.

तिचा चेहरा पडला. "आधी? रोज?" मग हिच्याकडे पाहिलं. हिने नजर खिडकीकडे वळवली.

३१ जानेवारी

पोनीचं येणं बंद केलं. रागावून नाही, गोडीत सांगितलं. एकाच खेळाडूला दोन शिक्षक असले की खेळाडू कुणाचंच ऐकत नाही. तिने दारात पुन्हा तेच म्हटलं, फोन करा, विसरू नका. मी हो म्हटलं. तिच्या वयाला फोन करणं म्हणजेच काम.

गोळ्यांचीही आता नीट घडी बसवली आहे. दुखण्याची गोळी सकाळी उठल्याबरोबर, मग वर्ग, मग न्याहारी, मग ताप मोजायचा. संध्याकाळी तसंच. ताप रोज नॉर्मल. नॉर्मल म्हणजे नॉर्मल, यात पोनीने काय बोलायचं?

३ फेब्रुवारी

टाक्यांच्या रेघेच्या खालच्या टोकाला मसुराएवढा ओला ठिपका. गाऊनला पिवळट डाग. हिनेच दाखवला, तोही मी विचारल्यावर. म्हणाली, "कालपासून आहे. घासला गेला असेल." खपली वाकताना उकलली असणार. पोरांचे गुडघे असे शेकडो पाहिले. त्यावर जखमेची पावडर टाकली, स्वच्छ पट्टी बांधली.

आज कोन मोजला नाही.

५ फेब्रुवारी

आज दाखवायला जायचं होतं. गेलो नाही.

काल मोजला तर सत्त्याहत्तर. पंच्याऐंशीवरून सत्त्याहत्तर! मी कोनमापक उलटा धरला की काय म्हणून पुन्हा पाहिलं. हिला म्हटलं, "तू अंग चोरतेयस." ती म्हणाली, "नाही हो, तो आतून जातच नाही." असा निकाल घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे कोण उभं राहील? त्यांनी माझी पाठ थोपटली होती. कच्च्या तयारीच्या पोराला मी कधी सामन्यात उतरवलं नाही, त्याचं हसं होतं आणि शाळेचंही. दवाखान्यात फोन करून आठवड्यानंतरची वेळ घेतली. तिथल्या मुलीने विचारलं, काही त्रास आहे का? म्हटलं, त्रास काही नाही, सराव थोडा कमी पडतोय.

ही आवरून बसली होती. केस विंचरून, बाहेर जायची साडी नेसून. एवढ्या सुजेवर ती कशी नेसली कोण जाणे. म्हणाली, "अहो, नुसतं दाखवून येऊ या का?"

"नव्वद झाल्याशिवाय नाही."

मग तिने साडी बदलायला माझी मदत मागितली. एरवी मागत नाही.

७ फेब्रुवारी

वर्ग दोनाचे तीन केले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आधी गरम पाण्याची पिशवी, मग व्यायाम.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. आज पाय हातात घेतला तेव्हा मला भीती वाटली. कातडी ताणून चकचकीत झाली आहे, माझ्या बोटांचे खळगे तिच्यात उमटले ते बराच वेळ गेले नाहीत. "सोड" म्हणायच्या आधी क्षणभर वाटलं, हे थांबवावं. पण असं वाटण्याच्या क्षणीच मी पोरांना थांबू दिलेलं नाही, आणि तीच पोरं पुढे बक्षिसं घेऊन आली. शिक्षकाने कच खाल्ली की संपलं. मी धरून ठेवलं.

हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. आधारासाठी असेल. नंतर पाहिलं तर खांद्यावर नखांचे वण आहेत.

९ फेब्रुवारी

शिवणाच्या बाई आल्या, दारातच थबकल्या. "कसला वास येतोय, सर?" मला तर काही येत नाही. म्हटलं, मलमाचा असेल. आत गेल्या आणि बराच वेळ दार लोटलेलं होतं. बाहेर आल्या तेव्हा माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "तुम्ही एकदा त्यांच्या कपाळाला हात लावून बघा," एवढं म्हणाल्या. मी थर्मामीटर दाखवला. तासापूर्वीच मोजला होता, नॉर्मल. बाईंनी तो हातात घेऊन पाहिला, परत दिला आणि चपला घालून निघून गेल्या.

बायकांचं एकमेकींना घाबरवणं चालूच असतं. तरी मी जाऊन कपाळाला हात लावला. गार आणि ओलं होतं. ओलं का, ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी

आज ही जेवली नाही. दुपारी हुडहुडी भरली. दोन रजया घातल्या, दात वाजत होते. गोळी दिली, थोड्या वेळाने घामाने चिंब झाली आणि शांत झोपली. ताप उतरला म्हणजे होता. म्हणजे थोडा होता. थंडी बाधली असणार, सकाळी खिडकी उघडी राहिली होती.

संध्याकाळी म्हणाली, "आज वर्ग नाही का?" मीच म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाली, "घ्या हो. उगाच खंड पडायला नको." असा खेळाडू मला सबंध नोकरीत मिळाला नाही.

घेतला. नव्वद!

गुडघा एकदम गेला, मऊ कणकेत गेल्यासारखा. कोनमापक लावून दोनदा पाहिलं. हिने हूं की चूं केलं नाही. पट्टी भिजून पाणी पोटरीवरून घोट्यापर्यंत आलं, ते पुसलं. मी म्हटलं, "अगं, नव्वद झाले, नव्वद! उद्याच डॉक्टरांकडे जाऊ." ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, दार उघड ना."

तिची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. झोपेत असेल. पण डोळे उघडे होते.

११ फेब्रुवारी

मुलगी सकाळीच आली. शिवणाच्या बाईंनी फोन केला होता म्हणे. माझ्याशी एक अक्षर न बोलता आत गेली, पांघरूण काढलं आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही. रुग्णवाहिका तिनेच बोलावली. स्ट्रेचर जिन्यावरून उतरवताना मी दर पायरीला "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो. मुलगी वळून म्हणाली, "बाबा, प्लीज, गप्प बसा."

१२ फेब्रुवारी

अतिदक्षता विभागात आहे. काचेतून दिसते. तोंडावर मास्क, हाताला नळ्या.

मोठे डॉक्टर चढ्या आवाजात बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. विचारलं, "पाणी कधीपासून येत होतं?"

"पाणी असं नाही. थोडं ओलसर. आठवडाभर असेल."

"ताप?"

"नव्हता. रोज मोजत होतो, दोन वेळा. मी एक दिवस चुकवला नाही."

"दुखण्याची गोळी कधी देत होता?"

"वर्गाच्या आधी. म्हणजे, मोजायच्या आधी."

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा घातला. म्हणाले, "त्या गोळीने ताप दबतो, काका." इतकंच. आठवीच्या पोराला कळलं असतं.

सांध्यात पू झाला आहे. नव्या सांध्याला जंतू चिकटले की औषध तिथे पोचत नाही, आणि आता ते रक्तात गेले आहेत. उद्या उघडून धुणार. सांधा टिकला तर टिकला, नाही तर काढणार. "आणि तेवढ्यानेही भागलं नाही, तर पाय वाचवायचा की माणूस, हे ठरवायची वेळ येईल. तशी येऊ नये." परवा नव्वद अंश झाले होते, हे मी त्यांना सांगितलं. कशाला सांगितलं देव जाणे. ते म्हणाले, "सांध्याला धरून ठेवणारं सगळं सैल पडलंय. म्हणून गेला तो."

१३ फेब्रुवारी

ऑपरेशन लांबलं. बाहेर बाकावर मी, मुलगी आणि शिवणाच्या बाई. मग मीच म्हटलं, कारण मला ते आत ठेवणं अशक्य झालं होतं, "पण ती मला बोलली का नाही? एकदा तरी म्हणायचं, फार दुखतंय, थांबा. मी काय राक्षस आहे?"

मुलगी भिंतीकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, "मला म्हणायच्या की. रोज रडायच्या माझ्यापाशी. मी म्हटलं, ताई, सरांना सांगा. तर माझाच हात धरून म्हणाल्या, नको गं बाई. यांना सांगितलं तर हे पुन्हा खिडकीत जाऊन बसतील."

मुलगी उठून लांब जाऊन उभी राहिली. मी बसून होतो. खिडकीतलं माझं ते वर्ष हिला दिसत होतं आणि मला वाटत होतं, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

सांधा काढला. त्या जागी औषध घातलेला सिमेंटचा ठोकळा ठेवला आहे. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ बांधून टाकलाय. कित्येक आठवडे तसाच राहील, मग जंतू गेले असले तर पुढचं बघायचं. जंतू गेलेत असं अजून कुणी म्हणत नाही. बोटांचा रंग मोठ्या डॉक्टरांना आवडलेला नाही. सकाळी त्यांनी मुलीला बाजूला नेलं, मला नाही. ती परत आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच माझ्याजवळ येऊन बसली. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

नर्सने बजावलं, "काका, पाय अजिबात वाकवायचा नाही हं. हातसुद्धा लावायचा नाही." मी म्हटलं, नाही लावत.

दुपारी आत सोडलं. एकट्यालाच, थोडा वेळ. डोळे मिटलेले होते. चेहरा एवढासा झालाय. तिला बहुधा चाहूल लागली. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"किती झाले?"

म्हटलं, "नव्वद."

जरा बरं वाटल्यासारखं तिचं तोंड सैल झालं. मी सरकत सरकत मागे भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो, रडू आलेलं तिला दिसू नये म्हणून. मग तिच्या कपाळाला आठी पडली, मोठी होत गेली, आणि ती अगदी हळू, अजिजीने म्हणाली,

"मग सोडा ना आता."

मी खाटेपासून चार हात लांब होतो. माझे दोन्ही हात माझ्या पाठीमागे होते.